‘आहे’पाशी अडलेली चिनी : नववीतल्या एका मुलीच्या अभ्यासाचं प्रकरण

हे प्रकरण कोल्हापुरातल्या नववीच्या एका मुलीचं. घर राजारामपुरीत, शाळा शहराबाहेर, इंग्रजी माध्यमाची. मुलीचं आणि शाळेचं नाव इथे देत नाही. सातवीत परकीय भाषा निवडायची वेळ आली तेव्हा वर्गातली बहुतेक मुलं फ्रेंच-जर्मनकडे गेली, हिने चिनी घेतली. कारण घरातलंच होतं. वडिलांचं शिरोली एमआयडीसीत मशीन शॉप आहे. फौंड्रीतून आलेल्या कास्टिंगवर मशिनिंग करून द्यायचं काम. त्यातली काही यंत्रं चिनी बनावटीची, त्यामुळे सुट्या भागांसाठी, दुरुस्तीसाठी तिकडच्या माणसांशी कायम बोलणं. मध्ये दुभाष्या, आणि तो सांगेल ते खरं मानायचं. घरातल्या एकाला तरी ती भाषा कळावी, एवढी साधी इच्छा.

दोन वर्षं सुरळीत गेली. चिनीची जी एचएसके परीक्षा असते तिची दुसरी पातळी ती चांगल्या गुणांनी पास झाली. नववीत शाळेने तिसऱ्या पातळीची सराव परीक्षा घेतली. ३०० पैकी १८० गुणांना पास. हिला त्याच्या निम्मेही पडले नाहीत. मुलगी रडली, चिनी सोडते म्हणाली. वडील माझ्याकडे आले ते एकच प्रश्न घेऊन : “मॅडम, पोरगी हुशार हाय. गणितात कुठं अडत न्हाई. मग हितंच का अडलंय?”

मी शाळकरी मुलांना चिनी शिकवते. या मुलीचं प्रकरण सविस्तर मांडावंसं वाटलं, कारण तिच्या वहीतल्या चुका तिच्या एकटीच्या नाहीत. मराठी घरातून इंग्रजी शाळेत जाणारी आणि तिथे चिनी शिकणारी मुलं थोड्याफार फरकाने याच जागी अडतात, आणि बहुतेक वेळा त्यांना सांगितलं जातं की तुझं पाठांतर कमी पडलं.

हिलाही तेच सांगितलं गेलं होतं. वरवर ते पटण्यासारखंही आहे. २०१० पासूनच्या रचनेत एचएसकेच्या पहिल्या पातळीला १५० शब्द लागतात, दुसरीला ३००, तिसरीला ६००. (२०२१ मध्ये नऊ पातळ्यांची नवी चौकट जाहीर झाली, पण शाळेत सराव जुन्याच रचनेवर चालत होता.) म्हणजे शब्द दुप्पट झाले, पोरगी मागे पडली, हिशेब संपला. पण शब्दांच्या आकड्यापेक्षा मोठा फरक दुसरीकडे आहे. पहिल्या दोन पातळ्यांच्या प्रश्नपत्रिकेत चिनी अक्षरांबरोबर पिनयिन, म्हणजे रोमन लिपीतला उच्चार, छापलेला असतो आणि लेखनाचा भाग नसतो. तिसरीपासून पिनयिन जातं आणि लेखन येतं. दुसऱ्या पातळीचे चांगले गुण मिळवून एखादं मूल अक्षरं न वाचताच इथवर पोचलेलं असू शकतं, आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

मी तिला तोंडी शब्द विचारले. बहुतेक आले. म्हणजे पाठांतर होतं. मग तिला एक साधं मराठी वाक्य दिलं आणि चिनीत सांग म्हटलं. ती थांबली, ओठ हलले, आणि ओठांवर आलं ते आधी इंग्रजी. गाठ तिथेच होती. ती चिनी इंग्रजीतून शिकत होती. ऐकलेलं चिनी इंग्रजीत न्यायचं, मग समजायचं, आणि उत्तर द्यायला पुन्हा त्याच वाटेने परत यायचं. मार्केट यार्डात गुळाचा सौदा अडत्याशिवाय होत नाही, ते ठीक. भाषेच्या सौद्यात मध्ये अडत्या बसला की दोन्हीकडचं वजन घटतं. आणि या मुलीच्या बाबतीत वाईट वाटायचं कारण असं की तिची घरची भाषा चिनीला कितीतरी जागी इंग्रजीपेक्षा जवळची होती. तो उपयोग तिला कुणी करूच दिला नव्हता.

पुढे चिनी शब्द देवनागरीत देते आणि सुराचा आकडा त्यांना जोडते : १ म्हणजे वरच्या पट्टीत सपाट, २ म्हणजे चढता, ३ म्हणजे खाली दबलेला, ४ म्हणजे वरून झपकन खाली. आकडा नसेल तिथे हलका उच्चार. लेखापुरती ही सोय आहे, शिकणाऱ्याने असंच करावं असं म्हणायचं नाही. का, ते लगेच येतंच.

पेन्सिलीने भरलेलं पुस्तक

तिचं पाठ्यपुस्तक उघडलं तर प्रत्येक ओळ तिहेरी. खाली चिनी अक्षरं, वर छापील पिनयिन, आणि त्याच्याही वर तिने पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलेली देवनागरी. मी वहीच्या पुठ्ठ्याची पट्टी कापून वरच्या दोन्ही ओळी झाकल्या आणि वाच म्हटलं. दोन वर्षं रोज पाहिलेलं पान, पण तिला त्यातली मोजकीच अक्षरं ओळखू आली. डोळा कधी खालच्या ओळीवर गेलाच नव्हता.

पेन्सिलीत काय लिहिलं होतं, तेही पाहण्यासारखं आहे. ‘शाळा’ या शब्दाचा उच्चार श्युए२श्याओ४, तिथे ‘झुएझिआव’. विनंतीचा ‘छिंग३’ लिहिला होता ‘क्विंग’. म्हणजे देवनागरी लिहितानाही मधे इंग्रजी होतीच : एक्स दिसला की झायलोफोनचा झ, क्यू दिसला की क्वीनचा क्व. आणि सुराची खूण एकाही शब्दावर नाही.

पिनयिन इंग्रजांसाठी बनलेलं नाही, हे मुलांना पहिल्याच आठवड्यात सांगायला हवं. चीनने ते फेब्रुवारी १९५८ मध्ये स्वीकारलं. ते घडवण्यात चौ यौक्वांग या भाषातज्ज्ञाचा मोठा वाटा होता. अक्षरं रोमन, पण त्यांना दिलेले उच्चार चिनीच्या गरजेचे. ते इंग्रजी कानाने वाचले की घोटाळा ठरलेला.

आणि इथेच मराठी मुलाची बाजू भक्कम आहे. पिनयिनमधला बी हा ब नाही, तो प आहे. पी म्हणजे फ, पण दात न लावता, दोन्ही ओठ मिटून सोडलेला. डी म्हणजे त, टी म्हणजे थ. जी म्हणजे क, के म्हणजे ख. या व्यंजनांत चिनी भाषा ब आणि प असा भेद करत नाही, ती भेद करते अल्पप्राण-महाप्राणाचा. इंग्रजी बोलणाऱ्या मुलाला हा फरक तोंडासमोर कागद धरून, तो हलतो का ते बघून शिकवावा लागतो. आपलं मूल तो क-ख, त-थ, प-फ म्हणताना पहिलीतच शिकून बसलेलं असतं. फक्त त्याला कुणी सांगत नाही की राजधानीचं नाव पेइ३चिंग१ आहे, आणि वडिलांना म्हणायच्या पा४पा या शब्दाची सुरुवात प ने होते. हा शेवटचा शब्द तर हमखास चुकतो. पुस्तकात तो रोमनमध्ये अगदी आपल्या ‘बाबा’सारखा दिसतो, आणि पोरं आनंदाने बाबा म्हणून मोकळी होतात.

च ची गोष्ट याहून चांगली. मराठीत दोन च आहेत, चहातला आणि चमच्यातला. आपण ते लिहितो एकसारखे, पण बोलताना कधी चुकत नाही. पिनयिनचा जे म्हणजे चहातला च, झेड म्हणजे चमच्यातला च. क्यू म्हणजे छत्रीतला छ. एक्स म्हणजे शेंगेतला श. चमच्यातला च जोरात हवा सोडून म्हटला की पिनयिनचा सी. झेड-एचसाठी च म्हणताना जीभ मागे वळवायची, ट म्हणताना वळते तशी. एस-एच म्हणजे पोटफोड्या ष, जो आपण षटकोनात लिहितो आणि बोलताना बहुतेक श म्हणतो. हे सगळं सांगायला मला एक दुपार पुरली. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा पहिल्यांदा हायसं वाटल्याचं दिसलं. ‘क्यू’ आणि ‘सी-एच’ वेगळे का, हे दोन वर्षं तिला कोडंच होतं.

मराठी जिथे मदत करत नाही अशी एक जागा इथे आहे. यू वर दोन टिंबं असलेला स्वर. ई म्हणत राहायचं आणि जीभ न हलवता ओठांचा चंबू करायचा. जे, क्यू, एक्स आणि वाय यांच्या पुढे ही टिंबं लिहीतही नाहीत, पण उच्चार तोच राहतो. मुलं तिथे सरळ ऊ म्हणतात. याला आरसा समोर ठेवून सरावाशिवाय उपाय नाही.

देवनागरीत उच्चार टिपायला माझा तत्त्वतः विरोध नाही. प-फ, च-छ हा भेद ती रोमनपेक्षा स्पष्ट दाखवते. नुकसान होतं ते ती अक्षरांच्या डोक्यावर लिहिल्यामुळे. डोळा ओळखीच्या लिपीकडे धावणारच. टिपायचं तर वहीच्या मागच्या पानावर टिपावं.

चार जागी एकच ‘आहे’

तिने ‘माझं घर’ या विषयावर लिहिलेला छोटा निबंध माझ्यापुढे होता. शाळेने त्यावर लाल शाईत ‘व्याकरण सुधारा’ एवढंच लिहिलेलं. ओळी पाहू.

पहिली : वो३ षि४ यि२ कअ ती४ती. तिला म्हणायचं होतं, मला एक धाकटा भाऊ आहे. वाक्याचा अर्थ झाला, मी एक धाकटा भाऊ आहे.

दुसरी : वो३ पा४पा षि४ कोंग१छांग३. बाबा कारखान्यात आहेत, असं म्हणायचं होतं. अर्थ झाला, माझे बाबा म्हणजेच कारखाना.

तिसरी : था१ षि४ काओ१. ते उंच आहेत. चिनी माणसाला अर्थ लागेल, पण वाक्य खटकेल.

तिन्ही चुकांच्या तळाशी एकच शब्द आहे. मराठीत ‘आहे’ सगळीकडे चालतं. मी विद्यार्थिनी आहे, मला भाऊ आहे, बाबा कारखान्यात आहेत, ते उंच आहेत. चिनीत या चारांना चार वेगळी वागणूक. एक वस्तू म्हणजेच दुसरी, हे सांगताना षि४. जवळ असणं, नात्यात असणं सांगताना यौ३. जागेवर असणं सांगताना चाय४, चमच्यातला च. आणि गुण सांगताना क्रियापद लागतच नाही, तिथे विशेषणाच्या आधी हन३ येतं : था१ हन३ काओ१.

शाळेच्या पुस्तकात हे सगळं होतं, वेगवेगळ्या धड्यांत. पण समजावलेलं इंग्रजीतून. इंग्रजीत ‘मला भाऊ आहे’साठी वेगळं क्रियापद आहे, त्यामुळे इंग्रजीतून शिकवणाऱ्याला ही अडचण दिसतच नाही. आपल्या मुलाच्या डोक्यात मात्र इंग्रजी वाक्याच्याही खाली मराठी ‘आहे’ चालू असतं, आणि घाईत तेच वर येतं. चूक मराठीतून आलेली असेल तर ती मराठीतच उलगडून दाखवावी लागते.

आम्ही तेच केलं. एका मोठ्या कागदावर तिने दिवसभरात घरात बोलली जाणारी ‘आहे’ची वाक्यं जशी ऐकू येतील तशी लिहिली. “दूध फ्रीजमधी हाय.” “आज्जीला बीपी हाय.” “त्यो लई उंच हाय.” “ह्ये आमचं काका हायत.” मग प्रत्येकासमोर चारांपैकी एक. ‘लई’ असलेलं वाक्य हन३ शिकवायला फार उपयोगी पडलं. फक्त एक गोष्ट वेगळी सांगावी लागली : चिनीतल्या हन३मध्ये ‘लई’इतका जोर दर वेळी नसतो, पुष्कळदा तो वाक्य उभं राहावं म्हणून असतो. तो काढून टाकला तर ऐकणाऱ्याला वाटतं, कुणाशी तरी तुलना चालली आहे आणि वाक्य अजून पुरं व्हायचंय.

यौ३ आणि चाय४ यांचा घोळ मिटवायला तर मराठीचा क्रमच पुरतो. ‘टेबलावर पुस्तक आहे’ आणि ‘पुस्तक टेबलावर आहे’ ही दोन वाक्यं आपण सहज वेगळी बोलतो. जागा आधी आली की यौ३, वस्तू आधी आली की चाय४. चिनीतही जागा आणि वस्तू याच क्रमाने येतात, फक्त क्रियापद मधे जातं. इंग्रजीतून हा नियम सांगायला अर्धं पान लागतं.

क्रम आपला, वाट इंग्रजीची

निबंधातली चौथी ओळ काल रंकाळ्यावर भेळ खाल्ल्याची. तिने लिहिलं होतं, वो३मन छि१ ल भेळ चाय४ रंकाळा च्वो२थ्येन१. शब्दाला शब्द लावला तर : आम्ही खाल्ली भेळ रंकाळ्यावर काल. मी तिला म्हटलं, हेच तू आईला सांगताना कसं सांगशील? ती म्हणाली, “आम्ही काल रंकाळ्यावर भेळ खाल्ली.” आता फक्त खाल्ली हे क्रियापद भेळेच्या आधी आण. वो३मन च्वो२थ्येन१ चाय४ रंकाळा छि१ ल भेळ. कोण, कधी, कुठे, मग क्रिया. मराठीत जो क्रम तोंडात बसलेला आहे तोच, एक क्रियापद सोडून. तिचं वाक्य चुकलं होतं कारण ती ते इंग्रजीच्या साच्यातून काढत होती, आणि इंग्रजीत जागा आणि वेळ शेवटी जातात.

प्रश्नाचंही तसंच. ‘तू काय खातेस’मध्ये ‘काय’ जिथल्या तिथे असतं. चिनीतही नी३ छि१ षन२म, ‘काय’ त्याच जागी, जिथे उत्तर येणार तिथे. इंग्रजीच्या सवयीने मुलं प्रश्नशब्द ओढून सुरुवातीला नेतात.

सगळ्यात जास्त अडते ती वर्णनाची लांब वाक्यं, आणि तिसऱ्या पातळीचे उतारे त्यांनी भरलेले असतात. ‘मी काल घेतलेलं पुस्तक’ हे चिनीत वो३ च्वो२थ्येन१ माय३ त षू१. मी, काल, घेत, -लेलं, पुस्तक. मराठी वाक्यावर चिनी वाक्य ठेवावं तर कडा जुळतात. ‘मैत्रिणीचं पुस्तक’मधला ‘चं’ आणि ‘घेतलेलं’मधला ‘लेलं’, दोघांचं काम चिनीत एकच ‘त’ करतो. इंग्रजीत मात्र पुस्तक आधी येतं आणि वर्णन मागून. त्यामुळे उतारा इंग्रजीतून समजून घ्यायला गेलेलं मूल वाक्याच्या शेवटापासून उलटं वाचत सुटतं, आणि वेळ संपतो. हिच्या सराव परीक्षेतल्या वाचनाच्या भागात मागची पानं कोरीच होती. आळसाने नव्हे, ती तिथवर पोचलीच नव्हती.

नात्यांचे शब्दही याच जातीचे. धाकटा भाऊ ती४ती, मोठा कअ१कअ, मोठी बहीण च्ये३च्ये, धाकटी मेइ४मेइ. मामा वेगळा, काका वेगळा, आणि वडिलांहून थोरला काका धाकट्या काकांहून वेगळा. इंग्रजी ‘अंकल’मधून गेलं की हे सगळं सपाट होतं. आपल्या घरात चुलता-मामा-मावशी-आत्या असताना ते सपाट करून शिकण्याचं कारणच नाही.

आणखी दोन चुका, थोडक्यात. ‘आणि’साठी हअ२ शिकवतात. मुलं त्याने वाक्यंही जोडतात : घरी गेले हअ२ झोपले. हअ२ नामांना जोडतो, क्रिया जोडायला तो चालत नाही. आणि मोजताना प्रत्येक वस्तूला सरसकट ‘कअ’ लावणं. पुस्तकाला पन३ लागतो, कागदाला चांग१. आपण ‘चार जण’ माणसांनाच म्हणतो, मेथीची जुडी म्हणतो, केळ्यांचा घड म्हणतो. ही सवय मराठी माणसाला नवी नाही, फक्त चिनीत ती प्रत्येक वस्तूला पाळावी लागते. आणि तिथे ‘दोन’साठी अर४ न वापरता ल्यांग३ वापरायचा, एवढं पक्कं करावं लागतं.

सूर

ही मुलगी गाणं शिकते. देवल क्लबसारखी संगीतसंस्था असलेल्या गावात ते नवल नाही. सुराची अडचण हिला येणार नाही असं घरच्यांना वाटत होतं, आणि सुटा शब्द दिला की खरंच ती चारही सूर सुरेख काढायची. वाक्यात मात्र ते सगळे विरघळून जायचे. चिनीचा सूर ठरावीक पट्टीचा नसतो. बोलणाऱ्याच्या आवाजात तो वर-खाली कसा जातो, एवढंच महत्त्वाचं. ती मात्र प्रत्येक शब्दाचा सा शोधत बसायची, आणि वेग आला की सोडून द्यायची.

त्यातही एक चूक थेट आपल्या बोलण्यातून येते. मराठीत प्रश्न विचारताना आपण शेवट चढवतो. चिनी प्रश्नातही ती शेवटचा शब्द चढवायची, आणि ४ चा २ होऊन जायचा. माय३ म्हणजे विकत घेणं, माय४ म्हणजे विकणं. ‘विकणार का?’ विचारताना माय४ खालीच गेला पाहिजे, प्रश्न असला तरी. वडील त्या वेळी शेजारी बसले होते. घेणं आणि विकणं यात एवढाच फरक आहे हे कळल्यावर ते खुर्चीत सरळ होऊन बसले. त्यानंतर सरावाला त्यांनी कधी घाई केली नाही.

थांग१ म्हणजे सूप, थांग२ म्हणजे साखर. ष्वेइ४च्याओ४ म्हणजे झोपणं, ष्वेइ३च्याओ३ म्हणजे उकडलेले डंपलिंग. अशा जोड्या मुलं गंमत म्हणून पाठ करतात, पण त्याने सूर बसत नाही. सूर बसतो जोडशब्दांतून. १ पुढे ४, ४ पुढे २, ३ पुढे १, अशा प्रत्येक जोडीचे शब्द घेऊन. दोन ३ शेजारी आले की पहिल्याचा २ होतो, म्हणून नमस्काराचा नी३ हाओ३ बोलताना नी२ हाओ३. ‘पू४’, म्हणजे नाही, हा ४ च्या आधी पू२ होतो. आणि ३ चा सूर पुस्तकात खाली जाऊन वर येणारा दाखवतात, पण वाक्याच्या मधे तो बहुतेक खालीच राहतो. हिचा प्रत्येक ३ पुस्तकाप्रमाणे वर यायचा आणि पुढच्या शब्दाला धक्का द्यायचा.

या सरावाला तिची आई बसली. आईला चिनीचा एक शब्द येत नाही, आणि तेच कामाचं ठरलं. मुलगी शब्द म्हणणार, आईने जे ऐकू येईल ते हाताने दाखवायचं : सपाट, वर, खाली. “अगं, वर गेलीस की. खाली जायचं होतं न्हवं?” आईला अर्थ माहीत नव्हता, म्हणून ती अर्थावरून अंदाज बांधून चूक माफ करू शकत नव्हती. शिक्षक नेमकी ती चूक माफ करतात. वाक्य ओळखीचं असतं, कान पुढचं भरून घेतो.

अक्षरं

अक्षरांबद्दल एक निरीक्षण. तिच्या प्रत्येक अक्षरात सगळ्यात वरची आडवी रेघ शेवटी आलेली. ‘राजा’चं अक्षर साधं आहे : तीन आडव्या रेघा, मधून एक उभी. क्रम आडवी, आडवी, उभी आणि मग तळाची आडवी. ती आधी उभी काढायची आणि वरची आडवी शेवटी, शिरोरेघ द्यावी तशी. ‘देश’च्या अक्षरात चौकोन आधी पूर्ण बंद करून मग आतलं कोंबायची. खरं तर चौकोनाची तळाची रेघ सगळ्यात शेवटी. क्रम चुकला की अक्षर हाताला लक्षात राहत नाही, ते प्रत्येक वेळी चित्र म्हणून आठवावं लागतं, आणि सहाशे चित्रं कुणालाच आठवत नाहीत.

शाळेचा गृहपाठ होता एकेक अक्षर पानभर लिहिण्याचा. ती आधी पानभर सगळ्या उभ्या रेघा, मग सगळ्या आडव्या, असं पान भरायची. तो सराव मी बंद करायला सांगितला. त्याऐवजी अक्षराचे भाग सुटे करून पाहायचे. सूपच्या अक्षरात डावीकडे पाण्याचे तीन थेंब, साखरेच्या अक्षरात डावीकडे तांदूळ. नदी, सरोवर, समुद्र, सगळ्यांना तेच तीन थेंब. ‘छिंग’ असा आवाज देणारा एक भाग घ्यावा : पाण्याबरोबर तो निर्मळ, सूर्याबरोबर निरभ्र, मनाबरोबर भावना, वाचेबरोबर विनंती. विकण्याचं आजचं सोपं अक्षर म्हणजे विकत घेण्याच्या अक्षरावर ‘दहा’चं चिन्ह. १७१६ च्या खांगशी कोशात असे मुख्य भाग २१४ धरले आहेत. शाळकरी मुलाला सुरुवातीला त्यातले पन्नास-साठ ओळखू आले तरी पान वाचायला धीर येतो.

मोबाइलवर टंकताना पिनयिन टाकलं की अक्षरं आपोआप समोर येतात, आणि भाषांतराचं ॲप तर गृहपाठच करून देतं. हिचे घरचे निबंध शाळेतल्यापेक्षा फार चांगले का होते, ते यातून कळलं. मी रागावले नाही. ॲपने केलेला एक निबंध घेऊन आम्ही त्यातलं प्रत्येक वाक्य मराठीत का आणि कसं बसतं ते पाहिलं. नंतर तिने स्वतःच ते बाजूला ठेवलं.

आता कुठे आहे

मधे वडिलांनी विचारलं होतं, मराठी माणसाला ही भाषा खरंच येते का. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, तिथे भाषा शिकले, तिथल्या माणसांना वैद्यकी शिकवली आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. त्यांच्या मुलाचं नाव इनह्वा, त्यात भारत आणि चीन दोन्ही आहेत. हे मी त्यांना सांगितलं, कारण ते खरं आहे आणि आपल्या भागातलं आहे.

शाळेबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही. चिनीचे शिक्षक मिळणं अवघड झालं आहे. २०१९ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या मसुद्यात परकीय भाषांच्या उदाहरणांत चिनी होती, जुलै २०२० च्या अंतिम धोरणात ती राहिली नाही. हिच्या शाळेत शिक्षक बदलत गेले, तास ऑनलाइन झाले. स्क्रीनवरून रेघेचा क्रम दिसत नाही आणि प-फ मधली हवा ऐकू येत नाही. माझं मत इतकंच की ज्या शाळा चिनी शिकवतात त्यांनी मराठी मुलांना मराठीतून समजावायला हरकत घेऊ नये. तासाला इंग्रजीच बोला, हा नियम इथे मुलांच्या मुळावर येतो.

सत्राच्या शेवटी पुन्हा तिसऱ्या पातळीची सराव परीक्षा झाली. वाचन आणि ऐकणं दोन्ही पासापुढे गेले. लेखन काठावर. पुठ्ठ्याची पट्टी आता लागत नाही, नव्या धड्यांवर पेन्सिल नाही. दोन टिंबांचा स्वर अजून कच्चा आहे.

सध्या काम चाललं आहे ते ‘ल’वर. भूतकाळ दिसला की ती ‘ल’ लावते : काल आजारी होते, तिथेही ल, आणि ‘खाल्लं नाही’ला पू४ छि१ ल. याचा अर्थ होतो, आता खात नाही, खाणं सोडलं. ‘खाल्लं नाही’ला मेइ२ छि१ हवं, ल शिवाय. ‘खात नाही’ आणि ‘खाल्लं नाही’ हा भेद मराठीत आहेच, तो तिने दोन दिवसांत पकडला. ‘ल’ मात्र इंग्रजीच्या भूतकाळाला चिकटून बसला आहे. तो सोडवायला मी तिला तिचंच एक उत्तर आठवून दिलं. आई जेवायला हाक मारते तेव्हा ती वरच्या खोलीतून ‘आले!’ म्हणते. आलेली नसते, अजून जागची उठलेलीही नसते. चिनी मुलगी त्या वेळी लाय२ ल म्हणेल. पहिले थेंब पडले की आपण ‘पाऊस आला’ म्हणतो, चिनी माणूस श्या४ यू३ ल म्हणतो. काळ मागचा नाही, परिस्थिती बदलली आहे. अशी वाक्यं ती आता घरात वेचते आहे, वहीच्या मागच्या पानावर. तिसऱ्या पातळीचा फॉर्म पुढच्या सत्रात भरायचं ठरलंय.